अकराव्या फोटोमागचा बाण

आप्पा, परवा तुमचा अकरावा फोटो मी शाळेत नेला. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि तो फोटो माझ्या कपाटात त्याच्याही आधीपासून आहे, पण आजवर मी तो कुणाला दाखवला नव्हता. बाकीचे दहा दरवर्षी आठवीच्या चित्रकलेच्या तासाला येतात. मी एकेका फोटोच्या चार रंगीत झेरॉक्स काढते आणि वर्गाच्या चार भिंतींवर चार तऱ्हांनी लावते. एक कॅमेऱ्याने काढला तसा, एक डोकं खाली करून, आणि दोन कुशीवर झोपवून, एक या कुशीवर, एक त्या. मुलांनी वर्गभर फिरायचं, प्रत्येक भिंतीसमोर उभं राहायचं आणि काय दिसतं ते वहीत लिहायचं. फोटो एकच आहे हे मी आधी सांगत नाही. आमची सिल्वासाची मुलं मराठी, गुजराती, हिंदी असं तिन्हींतून थोडंथोडं घेऊन लिहितात, पण गंमत दरवर्षी तीच होते. सरळ लावलेल्या फोटोखाली बहुतेक जण एकच शब्द लिहितात, पाणी, आणि पुढे सरकतात. एकदा पाणी म्हटलं की बघणं संपतं. उलट्या फोटोसमोर मात्र त्यांचे पाय अडखळतात, माना वाकड्या होतात, भांडणं लागतात. एकाला पेटलेलं रान दिसतं, दुसरीला देवीचं पातळ. आणि तास संपताना मी सांगते की हे चारही एकच आहेत, तेव्हा वर्गात जो गलका होतो तो तुम्ही ऐकायला हवा होतात.

हे मला कुठल्यातरी कॉलेजात शिकवलं असं माझ्या शाळेतल्या बायांना वाटतं. मी त्यांचा तो समज मोडत नाही. खरं तर मी ते तुमच्या शेड-रूममध्ये, रंगाच्या छटा तपासायच्या खोलीत शिकले, वयाच्या नवव्या की दहाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हा. धागा रंगवायच्या त्या कारखान्यात सगळीकडे वाफ, ओली जमीन आणि मशीनचा असा आवाज की माणसं हातवारे करून बोलायची. फक्त तुमची ती एवढीशी खोली शांत. तिच्यात उत्तरेकडची एक खिडकी, एक दिव्याची पेटी आणि एक जाडजूड रजिस्टर. रंगवून आलेल्या प्रत्येक लॉटमधली एक लडी तुमच्याकडे यायची, तिचा रंग नमुन्याशी जुळला की लॉट पुढे जायचा. तुम्ही दोन्ही लड्या शेजारी शेजारी धरायचे. पाहायचे. मग डावी उजवीकडे घ्यायचे आणि उजवी डावीकडे, आणि पुन्हा पाहायचे. मग दोन्ही उलट्या करायचे, कारण धाग्यावर उजेड एका अंगाने वेगळा पडतो आणि दुसऱ्या अंगाने वेगळा. तुमचा हात त्या वेळी असा स्थिर असायचा की लडीचा एक तंतू हलत नसे. इतकं करून झालं तरी तुम्ही सही करून मोकळे होत नव्हता. रजिस्टरमध्ये दोन सह्यांची जागा होती. तुम्हाला रंग जुळलेला दिसला, पण दुसऱ्याला दिसला नाही, तर लॉट परत. मग तुम्ही वीस वर्षं तेच काम करत असा की कुणीही असा. मी विचारलं होतं, तुम्हाला दिसलं ना, मग झालं की. तुम्ही आपल्या अहिराणीत म्हणालात, एकट्याले दिसनं ते पास नही व्हत, बेटा.

घरी तुमची दुसरी सही मी होते. कापून उरलेल्या धाग्याचे तुकडे तुम्ही खिशातून आणायचे आणि जेवणाआधी माझ्यापुढे दोन-दोन धरायचे, सारखे का वेगळे सांग. मी हुशार होते, तुमचा चेहरा वाचायचे. तुमच्या भुवया जराशा वर गेल्या की वेगळे म्हणायचे. एक दिवस तुम्ही मुद्दाम चेहरा दगडासारखा ठेवलात, मी अंदाजाने सारखे म्हणाले, आणि तुम्ही ते तुकडे ताटाशेजारी ठेवून दिलेत. मला तुम्ही कधी मारलं नाही, पण त्या दिवशी जे बोललात त्यापेक्षा मार परवडला असता. "मना तोंडकडे देखीसन सांगू नको. धागाकडे देख. तुले जे दिसस, तेच सांग." आवाज चढलेला नव्हता. आई भाकरी थापत होती, तिचा हातसुद्धा थांबला. मी रडत रडत ते दोन धागे खिडकीपाशी नेले, फिरवून फिरवून पाहिले आणि परत येऊन म्हणाले, एक जरा काळपट आहे. तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणालात, पास. तो शब्द तुमच्या तोंडून ऐकायला मी पुढे काय काय केलं असेल.

कॅमेरा तुम्हाला मुंबईच्या एका इंजिनिअर साहेबांनी कंपनी सोडून जाताना दिला. जुना, रोलचा. दुसऱ्या कुणी त्याच्यावर बायकामुलांचे फोटो काढले असते. तुम्ही पहिला अख्खा रोल डाय-हाउसच्या, म्हणजे धागा रंगवायच्या खात्याच्या, ओल्या जमिनीवर संपवलात. मशीनचे नव्हे, जमिनीत दिसणाऱ्या मशीनचे. मग टाकीतल्या पाण्यातले पाइप, सामरवरणीच्या रस्त्यावरच्या डबक्यातल्या विजेच्या तारा, रविवारी सायकल काढून दमणगंगेच्या काठी जायचे आणि पलीकडची झाडं सोडून त्यांची पाण्यातली रूपं घेऊन यायचे. झंडा चौकाजवळच्या स्टुडिओवाल्याने पहिल्यांदा तुम्हाला बाजूला घेऊन हळूच सांगितलं होतं, काका, रोल बिगड गया, सब में गटर का पानी आया है. तुम्ही त्याला म्हणालात, वही चाहिए. तो तुमच्याशी जन्मभर जरा सांभाळूनच बोलला. मी विचारलं, पाण्यातलंच का? तुम्ही अगदी कामातलं बोलावं तसं सांगितलंत की पाणी अर्धी शेड खाऊन टाकतं. वर जे भडक असतं ते पाण्यात शांत होतं, आणि मग डोळ्याला त्याच्याकडे नीट पाहता येतं.

फोटो धुऊन आला की तो आठ दिवस आमच्या स्वयंपाकघरात मुक्कामाला असे. शेल्फवर, डाळीच्या डब्याला टेकवून. दोन दिवस सरळ, दोन दिवस उलटा, दोन दिवस या कुशीवर, दोन त्या. आई म्हणायची, "हाऊ फोटो शे का पापड? दोन्ही बाजूनी भाजी ऱ्हायनात!" पण चुलीपुढे सगळ्यात जास्त वेळ तीच असायची, तेव्हा तुमची पहिली परीक्षक तीच. येता-जाता तिला विचारायचे, तुले काय दिसस? एका फोटोत नुसतं केशरी आणि काळं होतं. केशरी वर असताना ती म्हणाली, सांज झाली. तुम्ही फोटो उलटा केलात, केशरी खाली आलं, आणि आई ओझरतं बघून म्हणाली, आता चूल पेटली. तुम्ही इतके खूश झालात की आमटी पुन्हा वाढून घेतलीत. मी आज मुलांना शिकवते ते सगळं त्या शेल्फवरचं आहे. उजेड वर असला की माणूस त्याला आभाळ म्हणतो आणि खाली असला की विस्तव. फोटो आडवा असला की त्यात जमीन शोधतो, शेत, नदी, डोंगर. तोच उभा केला की कुणीतरी उभं आहे असं त्याला वाटायला लागतं. खालून डावीकडून वर उजवीकडे गेलेली रेघ मुलांना चढ वाटते, फोटो कुशीवर केला की तीच रेघ घसरगुंडी होते. फोटोत काही बदललेलं नसतं. तुम्ही एकदाच बोलला होतात त्याबद्दल, की चित्र फिरवलं तर चित्र नाही फिरत, बघणाऱ्याची मान फिरते. आणि मग शर्टाच्या खिशातली पेन्सिल काढून तुम्ही फोटोच्या पाठीवर बाण काढायचे, कुठली बाजू वर ते. घरातल्या दोघींना त्या बाजूने काहीतरी दिसलं असेल तरच बाण. तोही असा दाबून की कागदाला खळी पडावी.

मग मी नाशिकला गेले, चित्रकला शिक्षकाच्या कोर्सला. तो दिवस मला लिहायचा आहे आणि नाहीही. सिल्वासाच्या बसस्टँडवर डबकी साचलेली आहेत, त्यांच्यावर डिझेलचा तवंग आहे. मी पिवळा कुर्ता घातलाय, नवा, आईने शिवलेला. खांद्याला लाल रेक्झिनची पिशवी. तिचा पट्टा आदल्या दिवशी तुटला म्हणून तुम्ही पॅकिंग खात्यातून खोक्यांना बांधायची निळी प्लॅस्टिकची पट्टी आणून बसवली आहे, टोकाला लोखंडी क्लिप दाबून. काम पक्कं होतं, तुमचं कुठलंच काम कच्चं नसे. पण ती निळी पट्टी लांबून ओरडत होती की हे कारखान्यातलं आहे. मी ती ओढणीखाली लपवत होते. तुमच्या गळ्यात कॅमेरा होता आणि तुम्ही माझ्याकडे बघतच नव्हता, खाली डबक्याकडे बघत होता. पोरगी चालली आणि यांचं लक्ष पाण्यात, असा मला राग आला. बस लागली, मी चढले, मागे वळून पाहिलं नाही. नाशिकला होस्टेलवर पहिल्याच दिवशी एका मुलीने विचारलं, ही काय पार्सलची पिशवी का गं? सगळ्या हसल्या. मीही हसले. आठ दिवसांनी मी ती पिशवी टाकून दिली आणि तुम्हाला फोनवर सांगितलं की बसमध्ये राहिली. तुम्ही म्हणालात, जाऊ दे, दुसरी करू.

त्या वर्षी विश्वकर्मा पूजेला तुमच्या पुण्याच्या मॅनेजर साहेबांनी ठरवलं की कामगारांच्या कलेचं प्रदर्शन लावायचं. कँटीनमध्ये. कुणी बासरीवाला होता, कुणी सुताची तोरणं केली होती, आणि तुम्ही फोटो. मी सुट्टीला आले होते, तीन महिन्यांचं शिक्षण डोक्यात मावत नव्हतं. प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आपण दोघं जमिनीवर बसून फोटो काळ्या कार्डावर चिकटवत होतो. तुम्ही बहुतेक सगळ्यांना बाण उलटा दिला होता, म्हणजे पाण्यातलं रूप पायावर उभं राहील असा. मी म्हणाले, आप्पा, असं लावलं तर लोक म्हणतील फोटो उलटे लावले, हसतील. तुम्ही हातातला फोटो खाली ठेवलात. मग म्हणालात, तू शिकेल शे, तुले समजस. मी शिकलेली म्हणून मला कळतं, हे तुमच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. तरी एकेक फोटो चिकटवण्याआधी तुम्ही तुमच्या पद्धतीने माझ्यापुढे धरलात. तुले काय दिसस? मी सांगत गेले, रान, पाऊस, म्हशीची पाठ, असं काय काय. दहा झाले. मग तुम्ही बाजूला ठेवलेला अकरावा काढलात. तो उभा होता. पिवळं, लाल, खाली तेलकट जांभळं, आणि मधून गेलेली एक निळी काडी. तुमचा बाण पाठीवर आधीच काढलेला होता, मी घरी नसताना, म्हणजे आईला काहीतरी दिसलेलं असणार. तुम्ही तो दोन्ही हातांनी धरलात आणि विचारलंत.

मी म्हणाले, पाणी.

तुम्ही म्हणालात, फिराईसन देख. तुम्ही स्वतःच तो फिरवलात, पुन्हा फिरवलात, परत बाणाच्या बाजूला आणलात. मी म्हणाले, पाणीच आहे, आप्पा. तुम्ही हो म्हणालात. मग माझ्या कंपासपेटीतलं खोडरबर मागून घेतलंत, फोटो पालथा मांडीवर ठेवलात आणि पाठीवरचा बाण खोडलात. सावकाश, रबराची धूळ फुंकून टाकत. "हाऊ ऱ्हाऊ दे," म्हणालात आणि तो माझ्याकडे दिलात, तुझ्याकडे ठेव म्हणून. दुसऱ्या सहीशिवाय लॉट पुढे पाठवायचा नाही, हा नियम तुम्ही स्वतःच्या फोटोलाही लावलात. तेव्हा मला ते कळलं नाही असं मी आत्ता लिहिणार होते.

दुसऱ्या दिवशी तुमची पहिली पाळी होती, त्यामुळे कँटीनमध्ये दहा फोटो मीच लावले, सगळे सुलट, कॅमेऱ्याने काढले तसे. पूजा झाली, लोक हातात शिऱ्याचा द्रोण घेऊन फिरायला लागले. तुम्ही पाळी संपवून युनिफॉर्मातच आलात आणि खांबापाशी उभे राहिलात. मी पाहत होते. माणसं फोटोपाशी येत, पाणी म्हणत आणि पुढे सरकत. एकाने टाकी ओळखून दुसऱ्याला विचारलं, "ए तो आपडी टांकीच छे ने?" मॅनेजर साहेब आले, त्यांनी दहाही फोटो चहाचा कप हातात असतानाच पाहून टाकले. "छान. पाणी सुंदर घेतलंय," म्हणाले. कुणीही हसलं नाही. मी तुमचं हसं होऊ दिलं नव्हतं, आणि कुणी एका जागी दोन घटका थांबलंही नव्हतं. तुम्ही द्रोणातला शिरा तसाच धरून उभे होता. घरी जाताना सायकलवर मागे बसून मी विचारलं, कसं वाटलं? तुम्ही म्हणालात, बरं लागलं, टेप कोठेच सुटनी नही.

त्यानंतर तुम्ही पाण्याचा एकही फोटो काढला नाहीत. दिवाळीत कॅमेरा पुसून माझ्या बॅगेत ठेवलात, तुले शाळेत कामी येई. आईला वाटत राहिलं की तुमची नजर कमी झाली. दोन-तीन वर्षांत कंपनीत रंग मोजायचं मशीन आलं, ते आकडा सांगायचं, दोन सह्यांचं रजिस्टर बंद झालं आणि तुम्हाला पॅकिंगला टाकलं. उरलेली नोकरी तुम्ही खोक्यांवर वरच्या बाजूचे बाण चिकटवलेत. यावर मी कधी तुमच्याशी बोलले नाही. लोकांना मात्र मी प्रदर्शनाची गोष्ट खूप वेळा सांगितली आहे, वर्गातसुद्धा. माझ्या वडिलांचे फोटो मी सुलट लावले आणि सगळे फसले, म्हणून मुलांनो, आधी फिरवून बघा. मुलांना ही गोष्ट आवडते. तिच्यात मी थोडी चुकलेली असते, थोडी शहाणी झालेली. अकराव्याचा उल्लेख मी कधी करत नाही.

तुमच्या शेवटच्या दिवसांत खाट खिडकीपाशी होती. तुम्हाला कुशीवरच झोपता यायचं, म्हणून तुम्हाला खिडकी दिसत नसे, जमीन दिसे. दुपारी आईने लादी पुसली की ओल वाळेपर्यंत तुम्ही खाली पाहत राहायचे. एकदा मला जवळ बोलावून बोटाने लादी दाखवलीत. तुले काय दिसस? मी खाली वाकले, मान तुमच्यासारखी आडवी केली. म्हणाले, खिडकी. आणि तिच्यात आईचं हिरवं लुगडं वाळतंय, वारा आहे. तुम्ही डोळे मिटलेत आणि म्हणालात, पास. ओल वाळत होती, लुगडं कडेपासून नाहीसं होत होतं, आणि मला अकराव्याबद्दल तुमच्याशी बोलायचं होतं. घरात आपण दोघंच होतो, आई दळण आणायला गेली होती. एवढा वेळ होता, आप्पा. मी उठून तुमची औषधं आणली.

आता परवाचं सांगते. दहा फोटो मुलांना तोंडपाठ झालेत, वरच्या वर्गातली खालच्यांना सांगून टाकतात. म्हणून मी अकरावा काढला, असं मी झेरॉक्सवाल्याला आणि स्वतःला सांगितलं. चार भिंतींवर चार लावले. मुलं फिरली. सुलट फोटोखाली पाणी. एका कुशीवर ट्रकचे दिवे, दुसऱ्या कुशीवर कुणाला पतंग तर कुणाला सापाची कात. उलट्या फोटोसमोर खेरडीहून येणारी एक मुलगी उभी होती. वर्गात सहसा तोंड उघडत नाही ती. घंटा झाली, सगळी पळाली, ती तिथेच. मी विचारलं, काय गं, काय लिहिलंस? ती म्हणाली, "मॅडम, यात एक मुलगी आहे ना. बॅगवाली. कुठे तरी चाललीये." मी म्हणाले, असेल. "आणि मॅडम, सगळे बोलतात पाणी हिललं म्हणून फोटो असा आलाय. पण हा बघा ना, साइडचा पत्थर. पत्थरपण हिललाय. पत्थर थोडी हिलतो? ज्याने काढला त्याचा हात हिललाय." तिने बोट ठेवलं. कडेला बसस्टँडच्या फरशीची एक बोटभर पट्टी आहे, पाण्याबाहेरची, कोरडी. तिचीही कड हलून दुहेरी उमटली आहे. ती मुलगी म्हणाली, रडत होता काय तो? मग माझा चेहरा पाहून घाबरली आणि दप्तर उचलून गेली.

इतक्या वर्षांत फरशीची ती कड मी पाहिली नव्हती. मला तुमचा हात ठाऊक होता, दिव्याच्या पेटीसमोर लडी धरलेला, एक तंतू न हलणारा. मला वाटत होतं तुम्ही त्या दिवशी माझ्याकडे पाहिलंच नाही. तुम्हाला माझ्याकडे सरळ पाहणं जमत नव्हतं, म्हणून तुम्ही मला पाण्यात पाहिलंत, जिथे सगळं जरा शांत दिसतं. आणि तरी हात हलला. मग तो फोटो आठ दिवस शेल्फवर ठेवलात, सगळीकडून फिरवलात, आईला विचारलंत, दाबून बाण काढलात, आणि दुसऱ्या सहीसाठी माझी वाट पाहिलीत.

आज रविवार आहे. आई बाहेर ओट्यावर मेथी निवडतेय, तिला आता बोटांनीच दिसतं. तिला हा फोटो आठवतो का हे विचारायचा मला धीर झाला नाही. तो माझ्यासमोर टेबलावर पालथा आहे. रबराने शिसं गेलं पण खळी गेली नाही, बोट फिरवलं की बाण अजून लागतो. पेन्सिलही काढून ठेवली आहे. त्या खळीतून ती नुसती ओढायची आहे, पण आधी हे लिहायला हवं, कारण ज्याने खोटं सांगून लॉट परत पाठवला त्याने निदान रजिस्टरमध्ये तसं लिहावं. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, ते फोटोबरोबर कार्डाच्या मागे जाईल. मी गोष्ट सांगताना कायम म्हणत आले की मला समजलं नाही, मी लहान होते, नवं शिकले होते. त्या संध्याकाळी मी स्वतःलाही सांगून पाहिलं की फोटोतल्या मुलीची पिशवी डाव्या खांद्यावर आहे आणि मी तर उजव्या खांद्यावर घेते. पाण्यातलं रूप पायावर उभं केलं की डावं-उजवं बदलतं हे मला तेव्हाही माहीत होतं. मला फक्त दुसऱ्या दिवशीचं कँटीन दिसत होतं, साहेब लोक, त्यांच्या बायकामुली, आणि त्यांच्यासमोर खोक्याच्या पट्टीची पिशवी घेतलेली मी. मला पिशवीची लाज वाटली. पट्टीची वाटली. आप्पा, तुमची वाटली.

तुम्ही दोन्ही हातांनी फोटो धरून विचारलंत, तुले काय दिसस? मला मी दिसले होते. पहिल्याच नजरेत, न फिरवता. आणि मी तुमच्या तोंडाकडे बघून म्हणाले, पाणी.